संशोधनाचा हिशेब लोकांस कोण सांगणार ?

विंचू चावला असतां मांत्रिकाकडे जावें कीं दवाखान्यांत, हा प्रश्न आतां मतभेदाचा राहिलेला नाहीं. जालना जिल्ह्यांतील देहेड गांवीं जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं कोंकणांत रोग्यांशेजारीं बसून तो सोडविला. तांबड्या विंचवाच्या विषानें रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावर असह्य ताण पडतो व फुप्फुसांत पाणी भरतें. अशा वेळीं रक्तवाहिन्या सैल करणारें प्राझोसिन हें मूळचें रक्तदाबाचें औषध लवकर दिल्यास प्राण वाचूं शकतात, हें त्यांनीं दाखवून दिलें. पुढें महाड येथें ७० रोग्यांवर तुलना झाली व ती २०११ सालीं प्रसिद्ध झाली. प्राझोसिनच्या जोडीस प्रतिविष दिलेल्या ३५ पैकीं ३२ रोगी दहा तासांत पूर्ण बरे झाले; नुसतें प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकीं ८ च.

ही तुलना प्रसिद्ध झाली ती विलायतेच्या वैद्यकीय पत्रांत, इंग्रजींत. दरदरून घाम, उलट्या व गार पडलेले हातपाय हीं धोक्याचीं चिन्हें आहेत, हें ज्या शेतमजुरास आधीं कळावयास हवें, त्याच्या हातीं तें पत्र कधींच पडणार नाहीं. औषध सांपडलें, पण तें आहे ही बातमी वाटेंत अडली, तर त्या शोधाचा त्यास काय उपयोग ?

शास्त्र सोपें केलें कीं तें बिघडतें, असा कित्येक विद्वानांचा आक्षेप आहे. आम्हांस तो मान्य नाहीं. वर दिलेले आंकडे गारखेड्यांतील कोणाही दुकानदारास समजतील. 'नफा दुप्पट झाला' म्हणणाऱ्या दलालास तो मूळ रक्कम विचारतो. मग 'आजार निम्म्यानें घटतो' म्हणणाऱ्या जाहिरातीस 'किती पैकीं किती?' असें त्यानें कां विचारूं नये ? हजारांत दोघांस होणारा आजार एकास होऊं लागला, तरी तो 'निम्म्यानें' घटलाच. जाहिरातदार निम्मेपण सांगतो व हजार लपवितो.

कायदाही लोकांच्याच बाजूस आहे. २०१९ च्या औषधचांचणीच्या नियमांप्रमाणें, ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्यास समजेल अशा भाषेंत माहिती देऊनच त्याची संमति घ्यावी लागते. न समजतां दिलेली संमति ही संमतिच नव्हे. प्रयोगास मराठी माणूस चालतो. मग निष्कर्षास मराठी भाषा कां चालूं नये?

आमची मागणी साधी आहे. सार्वजनिक पैशानें झालेल्या प्रत्येक वैद्यकीय संशोधनासोबत एक पान मराठींत असावें : प्रश्न काय होता, किती माणसांवर पाहिलें, काय आढळलें व काय अद्याप ठाऊक नाहीं. गारखेड्यांतील दवाखान्यांनीं व वाचनालयांनीं तें पान दारावर लावावें, आणि व्यापाऱ्यांनीं छपाईचा भार उचलावा. धर्मशाळा व पाणपोया बांधणाऱ्या समाजास हें दान जड नाहीं. ज्या ज्ञानाचा खर्च रयत देते, त्याचा हिशेब रयतेच्या भाषेंत मिळणें ही मेहेरबानी नव्हे. तो तिचा हक्क आहे.