घोळणा फुटणे आणि ‘नैसर्गिक’ द्रव्यांची कैफियत

उन्हाळ्यात मुलाचा घोळणा फुटला, म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला हुकूम सुटतो तो मान मागे टाकण्याचा, दुसरा कांदा फोडून हुंगवण्याचा; आणि अंगातली उष्णताच बाहेर पडते आहे, तेव्हा थोडे वाहू द्यावे, असा फैसला देणाराही कोणी तरी त्या मंडळींत असतोच. यांपैकी कांदा निरुपयोगी, परंतु निरुपद्रवी. मान मागे टाकणे मात्र अपायकारक, कारण त्यामुळे रक्त थांबत नाही, केवळ दृष्टीआड होऊन घशात उतरते आणि पोटात गेल्यावर ओकारी आणते. उष्णतेचा आरोपही अर्धाच खरा आहे. खरे कारण बहुधा कोरड्या हवेने सुकलेली नाकातील त्वचा आणि तिला टोकरणारे बोट हेच असते. १८७९ साली जेम्स लिटल या अमेरिकन शल्यवैद्याने, व पुढे १८८४ साली कीसेलबाख या जर्मन वैद्याने, नाकाच्या मधल्या पडद्यावरील ज्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्याकडे लक्ष वेधले, ते त्या पडद्याच्या अगदी अग्रभागी असून दहापैकी सुमारे नऊ रक्तस्राव तेथूनच उद्भवतात. म्हणून किंचित पुढे वाकून बसावे, तोंडाने श्वास घ्यावा, आणि वरचे हाड नव्हे, तर नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत धरून दहा ते पंधरा मिनिटे, मधूनमधून उघडून पाहण्याचा मोह आवरून, दाबून ठेवावा.

एवढ्याने भागले नाही, डोक्याला मार लागलेला असला, किंवा रोगी रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर असला, तर इस्पितळ गाठणे प्राप्त होते. तेथे पूर्वी व्हॅसलिन लावलेली गॉजची लांब पट्टी नाकात ठासून भरीत, व पुढे कृत्रिम स्पंज आले. परंतु दोन-तीन दिवसांनी ते ओढून काढताना नुकतीच धरलेली खपली निघून रक्त पुन्हा वाहू लागण्याचे भय राहतेच. ही अडचण टाळण्यासाठी प्राणिज व वनस्पतिज द्रव्यांकडे वैद्यकाचे लक्ष वळले, आणि त्यांच्याबरोबर गैरसमजांची एक नवी पिढीही आली.

पहिला गैरसमज असा, की ही द्रव्ये म्हणजे रक्त शोषणारा सुधारलेला कापूस. कोळंबी आणि खेकडे यांच्या कवचांपासून निघणाऱ्या कायटोसानची करणी याहून निराळी आहे: त्याचे रेणू धनभारित असतात, तांबड्या पेशींचे पृष्ठ ऋणभारित असते, आणि या आकर्षणाने पेशी एकमेकींना चिकटून रक्ताच्या स्वतःच्या गोठण्याची फारशी वाट न पाहता बूच तयार होते, गोठण्याची क्रिया औषधांनी मंदावलेल्या रोग्याच्या बाबतीत ही गोष्ट विशेष मोलाची. तपकिरी समुद्रशेवाळातील अल्जिनेट वेगळ्या मार्गाने जाते: आपल्याजवळचे कॅल्शियम रक्तातील सोडियमच्या बदल्यात देऊन टाकते, आणि स्वतः फुगून लिबलिबीत होते.

दुसरा गैरसमज अधिक खोल रुजलेला आहे, तो म्हणजे निसर्गात जे कुजते ते शरीरातही विरघळणारच. जिलेटिनचा स्पंज नाकाच्या ओल्या त्वचेवर दोन ते पाच दिवसांत पातळ होऊन जातो, हे खरे. परंतु अल्जिनेट फोडणारे विकर मनुष्याच्या शरीरात मुळी नाहीच, त्यामुळे ते मिठाच्या पाण्याने धुऊन काढावे लागते. कायटोसानचा मासला तर मोठा मौजेचा आहे. १९२१ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना सर्दी झालेल्या माणसाच्या शेंबडात जे लायसोझाइम नावाचे विकर सापडले, तेच कायटोसानला हळूहळू तोडते. म्हणजे त्याची विल्हेवाट लावणारा कारकून नाकातच तैनात आहे. मात्र कायटोसान जितके अधिक प्रक्रिया केलेले, तितके ते या कारकुनाला कमी जुमानते, आणि म्हणून त्याच्या काही पट्ट्या विरतात, तर काही काढाव्याच लागतात.

तिसरा गैरसमज पर्यावरणाचा. कोळंबी सोलल्यावर उरणारी टरफले टाकाऊ असतात, व त्यांतून कायटोसान काढण्याची रीत कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्याकडे बसवून दिली, ही समाधानाचीच बाब. परंतु कच्चा माल फुकट, म्हणजे पक्का माल निसर्गाला निर्धोक, हा हिशेब चुकतो. चुना काढण्यास आम्ल, प्रथिने काढण्यास अल्कली, आणि शेवटी कवचात उरलेल्या कायटिनचे कायटोसान करण्यास अतिशय तीव्र कॉस्टिक सोडा उष्णतेसह लागतो. यातून निघणाऱ्या सांडपाण्याची व्यवस्था कारखाना कशी लावतो, यावर त्या मालाचा खरा दर्जा ठरतो. बुरशीपासूनही कायटोसान मिळते, आणि तेथे कवचातील चुना काढण्याचे एक प्रकरण आपोआप मिटते.

कोळंबीचे वावडे असणाऱ्यास कायटोसान सोसणार नाही, ही भीती पुष्कळशी अनाठायी आहे, कारण ते वावडे प्रामुख्याने स्नायूंतील प्रथिनाचे असते, कवचातील शर्करेचे नव्हे. तरीही शुद्धीकरण सर्वत्र सारखेच झाले असेल असे गृहीत धरता येत नाही, म्हणून डॉक्टरांना आधी सांगून ठेवणेच इष्ट. याच्या उलट, ज्याबद्दल विचारावे ते कोणी विचारीत नाही: जिलेटिनचा स्पंज बहुधा डुकराच्या कातडीपासून केलेला असतो. ज्यांना तो धर्माने वा आहारनियमाने वर्ज्य, त्यांच्यासाठी ऑक्सिडीकृत सेल्युलोज, म्हणजे मुळात कापूस किंवा लाकडाचा लगदा, १९४० च्या दशकापासून वैद्यकाच्या दप्तरी दाखल आहे.