बाळाचे श्वास मोजा

मुलांनो, तुमचे पोट दुखले तर तुम्ही लगेच अम्मीला सांगता. पण पाळण्यातल्या लहान भावाला किंवा बहिणीला बोलता येत नाही. मग बाळ आजारी आहे, हे कसे ओळखायचे? त्याचा श्वास पाहून पुष्कळ काही कळते.

न्यूमोनिया हा फुप्फुसांचा आजार आहे. सुरुवातीला तो साध्या सर्दी-खोकल्यासारखा वाटतो. मात्र फुप्फुसांना सूज आली की पुरेशी हवा मिळत नाही. त्यामुळे बाळ भराभर श्वास घेऊ लागते.

श्वास मोजणे सोपे आहे. बाळ शांत असताना मोजा. रडताना किंवा दूध पिताना मोजू नका. त्याचा झबला थोडा वर करा. छाती व पोट एकदा वर येऊन खाली गेले, म्हणजे एक श्वास झाला. सेकंदकाट्याचे घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. तान्ह्या बाळाचा श्वास कधी जलद, तर कधी संथ चालतो. म्हणून अर्धे मिनिट मोजून दुप्पट करू नका.

दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक भरले, तर पुन्हा एकदा मोजा. तेवढेच भरले, तर धोका समजा. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत ही मर्यादा ५० आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० आहे. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडणे, दूध न पिणे, बाळ सुस्त होणे, अंग गार पडणे किंवा तापणे हीसुद्धा धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ घालवू नका. मोठ्या माणसांना सांगा आणि बाळाला ताबडतोब दवाखान्यात न्यायला लावा.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. तेथील अनेक दायांना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेले साधन तयार करण्यात आले. दहा श्वास झाले, की एक मणी सरकवायचा! वाळू संपण्यापूर्वी शेवटचा मणी सरकला, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. शाळेत न गेलेल्या दायाही अशा प्रकारे हा आजार ओळखू लागल्या.

तुम्हाला तर शंभरपर्यंत सहज मोजता येते. आजच घरी बाळ झोपले, की त्याच्या शेजारी बसा आणि श्वास मोजून पाहा. निरोगी बाळाचा श्वास ओळखीचा झाला, तर आजारातला बदल तुमच्या चटकन लक्षात येईल.