खेकड्याचे डिंभ, तलावातील बोटुकली आणि साखळीचे नेतृत्व

किनारपट्टीवरील खेकडा-संवर्धनाच्या वार्ता अलीकडे आपल्या भागातही येऊन पोचल्या आहेत. माजरी, भद्रावती व वरोरा या बाजूचे शेतकरी, त्याचप्रमाणे सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडील मच्छीमार सहकारी संस्थांचे सभासद "हा धंदा आपल्याकडे होईल काय?" असे वारंवार विचारतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर देता यावे, तसेच या विषयावरील संशोधनातून आपण काय घ्यावे याचा विचार व्हावा, यासाठी हा लेख लिहिला आहे.

उत्तर प्रथमच सांगितलेले बरे. परदेशी जाणारा आणि किलोच्या भावाने मोठी किंमत मिळविणारा खेकडा हा खाडीच्या चिखलातील खेकडा होय. कोकणात त्यास चिंबोरी म्हणतात. तो आपल्या गोड्या पाण्यात वाढविता येणार नाही. आपल्या बांधीत आढळणारा खेकडा निराळा. त्याची मादी मोजकी व मोठी अंडी घालते. पिल्लाची प्रारंभीची सर्व रूपांतरे अंड्याच्या आतच पुरी होतात आणि अंड्यातून बाहेर येतो तो लहानसा परंतु पूर्ण घडलेला खेकडा. काही दिवस आई त्यास पोटाखालील पदराआड बाळगते. पावसाळ्यात धुऱ्याच्या बिळातून खेकडा काढणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलेलेच असते. ही भाजीची चांगली वस्तू आहे, परंतु तिच्यावर निर्यातीचा व्यापार उभा राहिलेला नाही.

चिंबोरीचे जीवन याच्या अगदी उलट आहे. तिची मादी अंडी सोडण्यासाठी खाडीतून खुल्या समुद्राकडे जाते आणि एका वेळी लाखो पिल्ले सोडते. ही पिल्ले खेकड्यासारखी मुळीच दिसत नाहीत. अंड्यातून निघालेल्या, परंतु आईबापांशी रूपाने न जुळणाऱ्या अशा जीवास शास्त्रात डिंभ म्हणतात. चिंबोरीचा डिंभ प्रथम 'झोइया' नावाच्या अवस्थेत पाच वेळा कात टाकतो. त्यास सुमारे अडीच आठवडे लागतात. पुढे 'मेगालोपा' ही अवस्था येते आणि आणखी आठवडाभराने त्याचा इवलासा खेकडा होतो. या साऱ्या काळात पाण्यात लिटरमागे सुमारे ३० ग्रॅम क्षार असावे लागतात. आरंभी रोटिफर हे सूक्ष्म प्राणी व नंतर आर्टेमियाची पिल्ले हा त्याचा जिवंत आहार होय. मेगालोपास नांग्या फुटल्या की भावंडे एकमेकांस खाऊ लागतात. शंभर झोइयांमागे चार-पाच खेकडे हाती आले, तरी संवर्धन-केंद्रातील माणूस समाधान मानतो.

फिलिपाइन्समधील इलोइलो प्रांतातील टिगबाउआन येथे आग्नेय आशियाई देशांच्या मत्स्यविकास केंद्राचा जलसंवर्धन विभाग आहे. तेथे या अवस्थांवर दीर्घकाळ काम झाले. भारतात सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाच्या राजीव गांधी जलसंवर्धन केंद्राने तमिळनाडूत शिरकाळीजवळ तोडुवाई येथे २०१३ साली खेकडाबीज केंद्र उभारले. आपल्या राज्यात खारफुटी कक्षाने सिंधुदुर्ग जिल्ह्यातील बचत गटांकडून खाडीकाठच्या तळ्यांत खेकडे वाढविण्याचे काम करविले आणि २०१७ च्या शासकीय उपजीविका योजनेत त्यास स्थान मिळाले. तळी कोकणातली, श्रम कोकणातले. परंतु बीज तमिळनाडूहून आणावयाचे. ज्या वर्षी बीज वेळेवर आले नाही, त्या वर्षी तळे कितीही उत्तम बांधलेले असले तरी ते रिकामेच.

या ठिकाणी खेकड्याचा प्रश्न संपतो व आपला सुरू होतो.

वस्तू उत्पादकाकडून खाणाऱ्यापर्यंत ज्या हातांतून जाते त्या हातांच्या रांगेस पुरवठ्याची साखळी म्हणतात. साखळीत कोणीतरी एक जण आधी निर्णय घेतो व इतर त्याच्या मागून जातात. १९३४ साली हाइनरिख फॉन श्टाकेलबर्ग या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने आधी निर्णय घेणारा आणि त्याचा निर्णय पाहून आपले ठरविणारा असे दोन पक्ष मानून बाजाराचे गणित मांडले. पुढे पुरवठा-साखळीच्या अभ्यासकांनी हेच गणित बीज-उत्पादक, संवर्धक, व्यापारी यांस लावले. आधी दर सांगणाऱ्यास बहुधा अधिक लाभ होतो, हे त्यातून निघते. मात्र १९५० साली जोसेफ स्पेंग्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने दुसरी बाजू दाखविली. साखळीतील प्रत्येक समर्थ हाताने आपापला नफा वेगळा चढविला, तर शेवटचा दर इतका वाढतो की माल कमी खपतो आणि सर्वांचा मिळून नफाही घटतो. नेता होणे लाभाचे असले तरी मागच्या-पुढच्यांस पिळणारा नेता आपलीच साखळी आखूड करतो.

नेतृत्व कोणाकडे जाते? पैसा ज्याच्याजवळ अधिक त्याच्याकडे, असे आपण समजतो. माझे मत थोडे निराळे आहे. जी कडी तुटली असता दुसरीकडून आणता येत नाही, ती ज्याच्या हाती तो नेता. माजरीस राहणाऱ्यास हे कोळशावरून कळावे. खाणीच्या तोंडाशी पडलेला ढीग वाघिणी मिळेपर्यंत नुसता ढीगच असतो.

याचे याहून चांगले उदाहरण गडचिरोलीत आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू गावचा झाला, तोडणारे हात गावचे होते, विकत घेणारेही होते. परंतु वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती नव्हता, आणि परवान्यावाचून बांबू गावाबाहेर जाऊ शकत नव्हता. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. जंगल तेच, बांबू तोच; एक कागदाचे पुस्तक हाती आले आणि दर ठरविणारा पक्ष बदलला.

आता आपल्या तलावांकडे वळू. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या चार जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने यांतील बहुसंख्य तलाव बांधले आणि १९५१ मध्ये मालगुजारी गेल्यावर ते सरकारकडे आले. आज ढिवर व भोई बांधवांच्या संस्था त्यांत मासे वाढवितात. पाणी संस्थेचे, जाळी संस्थेची, राखण संस्थेची. परंतु कटला, रोहू व मृगळ यांचे बीज पुष्कळ ठिकाणी बाहेरून येते, आणि उचल देणारा व्यापारीच ते आणून देत असेल तर मासळीचा दरही तोच सांगतो. सभासद याचा दोष उचलीस देतात. तो काही अंशी खराही आहे. परंतु उचल फिटली तरी पुढल्या श्रावणात बीजासाठी त्याच दारी जावे लागते, ही गोष्ट लक्षात घेतली जात नाही.

एके काळी यास इलाज नव्हता. या जातीचे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. म्हणून पावसाळ्यात नद्यांतून बीज गोळा करीत व हावड्याहून ते आगगाडीने दूरदूर जाई. त्यात हिंस्र माशांची भेसळ असे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. के. एच. अलिकुन्ही यांच्या प्रयत्नांनी पोष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालविण्यात यश आले. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. तेव्हापासून अंड्यातून नुकतेच निघालेले बीज, ज्यास मत्स्यजिरे म्हणतात, केंद्रात हवे तेवढे तयार करता येते. जिरे स्वस्त आहेत. महाग आहे ती बोटभर लांबीची बोटुकली, आणि दोहोंच्या मधले काम गावात करता येते.

धान पिकविणाऱ्यास हे समजाविणे कठीण नाही. बांधीत कोणी धान फेकून रोवणीची आशा करीत नाही. प्रथम पऱ्हे टाकावे लागतात. तलावात जिरे सोडणे म्हणजे पऱ्ह्यावाचून रोवणी होय. मरळीसारखे मांसाहारी मासे व पाणकिडे ते फस्त करतात. चिंबोरीच्या डिंभाची जी स्थिती, तीच या जिऱ्याची. फरक एवढाच की त्यास समुद्राचे पाणी लागत नाही आणि त्याची दाई होण्याचे कौशल्य एका हंगामात शिकता येते.

त्यासाठी तलावाच्या पाळीखाली किंवा बोडीलगत २०० चौरस मीटरचे, मीटरभर पाणी राहील असे संगोपन तळे पुरे. उन्हाळ्यात ते कोरडे करून तळ उघडा पडू द्यावा. पाणी भरल्यावर जिरे सोडण्याच्या पंधरा ते वीस दिवस आधी मोहाच्या बियांची ५० किलो ढेप भिजवून सर्वत्र शिंपावी. तिच्यातील द्रव्याने पाण्यातील इतर मासे मरतात व मागाहून तिचेच खत होते. या काळात ते पाणी तलावात किंवा गुरांच्या पाणवठ्यात जाऊ देऊ नये. चुना चार ते पाच किलो व ताजे शेण सुमारे १०० किलो टाकल्याने पाण्यात सूक्ष्म जीव वाढतात. जिऱ्याचे पहिले अन्न तेच. पाणकिड्यांसाठी आदल्या दिवशी, वारा पडलेला असता, सुमारे एक किलो खाद्यतेल व पाव ते दीड पाव साबण यांचे मिश्रण पृष्ठभागावर पसरावे. तेलाच्या थराखाली किड्यांस श्वास घेता येत नाही. या एका कामात कसूर झाल्याने उत्तम तळी वाया गेलेली मी पाहिली आहेत.

एवढ्या तळ्यात साठ हजार ते एक लाख जिरे सोडता येतात. प्राणवायू भरलेली पिशवी आणताच फोडू नये. ती पंधरा-वीस मिनिटे तळ्यात तरंगत ठेवून मग थोडे थोडे तळ्याचे पाणी तीत घ्यावे. भुईमुगाची ढेप व धानाचा कोंडा समभाग दळून लाखामागे दररोज ६०० ग्रॅम, व सहाव्या दिवसापासून १२०० ग्रॅम द्यावा. पंधरवड्यात पिल्ले इंचभर होतात. लाखातून तीस ते चाळीस हजार हाती आली तर व्यवस्था चांगली झाली असे समजावे. पुढे मोठ्या तळ्यात हेक्टरी दोन ते तीन लाख या प्रमाणात ती विरळ करून दोन-तीन महिने वाढविली की आठ ते दहा सेंटिमीटरची बोटुकली होते, आणि शेकडा साठ ते सत्तर जगतात. म्हणजे लाख जिऱ्यांतून वीस-बावीस हजार बोटुकली. आपले पुष्कळसे तलाव उन्हाळ्यात आटतात. अशा तलावात मोठी बोटुकली सोडली तरच माणसाच्या ताटात जाण्याजोगा मासा वेळेत तयार होतो.

आणखी एक लाभ हिशोबात धरला जात नाही. जिऱ्याच्या पिशवीत कोणती जात किती हे डोळ्यांस कळत नाही. बोटुकली मोजता येते, ओळखता येते. शेजारच्या संस्था ती मोजून घेतील. येथेच स्पेंग्लरचे म्हणणे आठवावे. पहिल्या वर्षी टंचाई पाहून दुप्पट दर लावला, तर शेजारी पुन्हा जुन्या व्यापाऱ्याकडे वळतील आणि तळे असूनही नेतृत्व जाईल. दर हंगामापूर्वी सभेत ठरवावा, तो फलकावर लिहावा व सभासद नसलेल्यांसही तोच लावावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

या कामी स्त्रियांचे गट पुढे यावेत. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर स्त्रियांनी तलावांतील उपद्रवी बेशरम काढून टाकून स्थानिक पाणवनस्पती लावल्या, त्यामुळे देशी माशांस आसरा मिळाला. रोज ठरल्या वेळी खाद्य देणे, पाण्याचा रंग पाहणे, मेलेली पिल्ले मोजणे हे काम नेमस्त व चिकाटीचे आहे आणि ते तळ्याजवळ घर असलेल्यांकडूनच होते.

केवळ बीज हाती असून भागत नाही, हेही खेकड्याच्याच व्यापाराने दाखविले. जानेवारी २०२० मध्ये साथीमुळे चीनची मागणी एकाएकी थांबली. जिवंत विकावयाचा माल पडून राहिला व भाव कोसळले. आपली मासळी जवळच्या आठवडी बाजारात, खाणींच्या वसाहतींत व चंद्रपूर-नागपुरास अशी दोन-तीन वाटांनी जाते. दर चढा मिळाला तरी सगळा माल एकाच व्यापाऱ्यास बांधून देऊ नये.

ज्या संस्थांस येत्या पावसाळ्यात हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनी जिऱ्यांची मागणी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात मे अखेरपूर्वी नोंदवावी. मोहाच्या बियांचा नवा हंगाम जून-जुलैत येतो आणि ढेप तर त्याच सुमारास लागते. म्हणून पहिल्या वर्षापुरती ढेप तेलघाण्यावरून आधीच आणून कोरड्या जागी ठेवावी आणि पुढील वर्षाच्या बिया या हंगामातच वेचून ठेवाव्यात.