चित्रकलेची पदवी : शाळा कोणती निवडावी?

परीक्षांचे दिवस सरले, की व्याख्यानानंतर एखादे गृहस्थ आम्हांस बाजूला घेऊन विचारतात, "मुलीला चित्रकलेचा नाद आहे. एलिमेंटरी, इंटरमीजिएट दोन्ही परीक्षांत वरची श्रेणी मिळाली. आता मुंबईला पाठवावी, बडोद्याला, की शांतिनिकेतनला? सगळ्यांत मोठी शाळा कोणती?" या विचारण्यात माया असते, तशी धास्तीही असते. साधारणतः चार वर्षांचा काळ, परगावचा खर्च, आणि पुढे पोटापाण्याचे काय, ही टोचणी. म्हणून या प्रश्नाचा थोडा खुलासेवार विचार करू.

कोणती शाळा मोठी, यापेक्षा कोणती शाळा काय शिकवण्यासाठी निघाली, हे पाहणे आम्हांस अधिक उपयोगाचे वाटते.

मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय १८५७ मध्ये सुरू झाले. सर जमशेटजी जीजीभाई यांनी त्यासाठी एक लाख रुपयांची देणगी दिली होती. देशी कारागिरांना आरेखनाचे शिक्षण द्यावे, हा आरंभीचा हेतू. पुढे समोरची वस्तू, समोरचा माणूस नेमका रेखाटण्याची शिस्त येथे रुजली. धुरंधरांचा हात याच शिस्तीत तयार झाला. १८७२ पासून ग्रिफिथ्स यांनी येथील विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. याच शाळेतून १९४८ मध्ये वासुदेव गायतोंडे बाहेर पडले, आणि पुढे त्यांच्या चित्रांत वस्तूही उरली नाही व माणूसही उरला नाही! आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : गायतोंड्यांच्या हाती पदवी नव्हती, पदविका होती.

शांतिनिकेतनचे कलाभवन १९१९ मध्ये निघाले. रवींद्रनाथांच्या त्या आश्रमात नंदलाल बोस यांनी विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर आणले. झाड, गाव, उत्सव, भिंत, विणकाम हे सारे तेथे शिक्षणाचाच भाग झाले. रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये घडविलेले संथाळ कुटुंबाचे शिल्प सिमेंट आणि जांभ्याची खडी यांचे असून ते उघड्यावरच उभे आहे. कोल्हापूरचे विनायक मासोजी याच वातावरणात शिकले आणि तेथेच शिक्षक झाले.

बडोद्याची ललितकला विद्याशाखा १९५० मधली. विद्यापीठाच्या अंगणातच ती जन्मली, त्यामुळे चित्र काढणे आणि चित्राविषयी विचार करणे यांची तेथे पहिल्यापासून सांगड घातली गेली. चित्रकलेची धुरा इंदूरच्या बेंद्र्यांकडे, शिल्पाची रामकिंकरांचे शिष्य शंखो चौधुरी यांच्याकडे. कलाभवनातच शिकलेले सुब्रह्मण्यनही तेथे आले. कलेचा इतिहास आणि संग्रहालयशास्त्र यांचेही शिक्षण याच विद्यापीठात मिळते.

हा झाला पूर्वेतिहास. परंतु आजोबांच्या कीर्तीवर नातवाची परीक्षा करू नये. शाळा आज कशी आहे, हे डोळ्यांनीच पाहिले पाहिजे. यासाठी एक साधा उपाय आहे. मुलीला बरोबर घेऊन शाळेचे वार्षिक प्रदर्शन पाहून या. साऱ्या विद्यार्थ्यांची चित्रे एकाच शिक्षकाच्या हातची वाटली, तर सावध व्हा. चित्रे वेगवेगळी आहेत, पण रेखाटन पक्के आहे, असे दिसले, तर समाधान माना. मग कार्यशाळेत डोकवा. छापयंत्र चालते की धूळ खाते? भट्टी पेटते का? ग्रंथालयातली पुस्तके हाताळलेली दिसतात का? शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा, शिक्षक आठवड्यातून किती वेळा चित्रापाशी येऊन उभे राहतात?

विषयाची निवडही शाळेइतकीच महत्त्वाची. जाहिरात, मांडणी, पुस्तकांची सजावट यांकडे ओढा असेल, तर उपयोजित कला घ्यावी; तेथे नोकरीची वाट त्यातल्या त्यात सरळ आहे. रंग-रेखा किंवा शिल्प घेणाऱ्याने मिळकत उशिरा व अनियमित येईल, हे घरात आधीच बोलून घ्यावे. प्रवेशाचे नियम बदलत असतात. ते त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहावेत.

त्या गृहस्थांना आम्ही शेवटी एवढेच विचारतो, "मुलगी सुटीत, कोणी न सांगता, काय काढते?" पुष्कळदा त्यांना ते ठाऊक नसते. मग आम्ही म्हणतो, आज घरी जा आणि तिची वही उघडून पाहा. कोणत्या गावचे तिकीट काढायचे, याचा अर्धा निर्णय त्या वहीतच सापडेल.