फास्टिंग म्हणजे उपवास नव्हे

गेल्या महिन्यात एक मावशी रक्त तपासायला दवाखान्यात आल्या. आदल्या दिवशी मी त्यांना चिठ्ठी दिली होती, 'फास्टिंग शुगर'. साखर निघाली १६८. त्यांची प्रकृती पाहता मला हा आकडा पटेना.

"मावशी, सकाळी काही खाल्लंत का?"

"छे वो डॉक्टर! तुमीच उपास सांगितला न्हवं? नातवानं चिठ्ठी वाचली. निसती साबुदाण्याची खिचडी खाल्ली वाटीभर, आन् एक केळं."

नातवाची चूक म्हणता येणार नाही. शब्दकोशात 'फास्ट'चा अर्थ उपवास असाच दिला आहे. पण आपल्या उपवासाला साबुदाणा, बटाटा, रताळे, राजगिऱ्याचा लाडू चालतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, रक्तात साखर चढवण्यात तो भाताला हार जाणार नाही. प्रयोगशाळेच्या 'फास्टिंग'ला यातले काही चालत नाही. किमान आठ तास पोटात पाण्याखेरीज काही नको. चहाही नको, मग तो 'घोटभरच' का असेना. दुसऱ्या दिवशी मावशी खरोखर उपाशीपोटी आल्या तेव्हा साखर १०४ आली. १०० च्या आत असेल तर ठीक, १०० ते १२५ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची स्थिती, आणि १२६ किंवा त्याहून अधिक दोनदा आली तर मधुमेह. म्हणजे वाटीभर खिचडीपायी मावशींच्या कपाळी मधुमेहाचा शिक्का बसला असता.

त्याच चिठ्ठीवर पुष्कळदा 'पीपी' असते. म्हणजे जेवणानंतरची साखर. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, हात धुतल्यापासून नव्हे.

'ब्रेकफास्ट' हा शब्दही याच घराण्यातला. रात्रभराचा 'फास्ट' 'ब्रेक' करायचा, म्हणजे मोडायचा. आपण ज्याला पारणे म्हणतो तेच. आपल्याला मात्र तो पोहे-उपम्याचे इंग्रजी नाव वाटतो. हा शब्द ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

आता सध्या घरोघरी ऐकू येणाऱ्या शब्दाकडे वळू. 'इंटरमिटंट फास्टिंग'. इंटरमिटंट म्हणजे मध्ये खंड पडून पुन्हा येणारे. आम्ही वैद्यकीय महाविद्यालयात हा शब्द प्रथम शिकलो तो तापाच्या संदर्भात, हिवतापासारखा उतरून पुन्हा चढणारा ताप. उपवासाच्या बाबतीत 'सोळा-आठ' म्हणजे दिवसाचे सोळा तास काही खायचे नाही आणि उरलेल्या आठ तासांत जेवणे उरकायची. या आठ तासांना 'ईटिंग विंडो' म्हणतात. इथे खिडकीचा काही संबंध नाही. 'पाच-दोन' म्हणजे आठवड्यातले पाच दिवस नेहमीसारखे आणि दोन दिवस अगदी थोडे, ५०० ते ६०० कॅलरी. चातुर्मासात एकभुक्त राहणाऱ्या आपल्या आज्यांना यात नवल वाटले नसते.

'ऑटोफॅजी' हाही एक वजनदार शब्द. पेशी आपल्यातलेच जुने, निकामी भाग मोडून पुन्हा वापरते, ती ही क्रिया. पाव फुगवायच्या यीस्टवर त्याबद्दल मूलभूत काम करणारे जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल मिळाले. ते पेशींच्या अभ्यासाला मिळाले, सोळा तासांच्या उपवासाला नव्हे. वजन कमी व्हायला या पद्धतीचा उपयोग होतो, पण बहुतेक चाचण्यांत तो रोज थोडे कमी खाण्याइतकाच दिसला आहे. ज्याला झेपते त्याने जरूर करावे. माझी तक्रार पद्धतीबद्दल नाही.

गोळ्या चालू असताना न विचारता ती सुरू करतात, याची मला धास्ती आहे.

माझ्याकडे येणारे एक निवृत्त गुरुजी, वय अडुसष्ट. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी. मी कागदावर लिहिले होते, 'बिफोर ब्रेकफास्ट'. पुण्याच्या मुलाने फोनवर सोळा-आठ समजावले आणि गुरुजींनी न्याहारी सोडली, पहिले जेवण दुपारी बारानंतर. गोळी मात्र शिस्तीने सकाळी साडेसातलाच. ही गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते, पोटात अन्न असो वा नसो.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास गुरुजींना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. काकूंनी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "हायपो झालं असणार, डॉक्टरांना बोलव." काकूंना स्वतःला रक्तदाब असल्याने 'हायपरटेन्शन' शब्द ओळखीचा. त्यांनी ऐकले 'हायपर'. म्हणजे साखर चढली! शेजारणीने सरबत करून आणले होते, ते काकूंनी परत पाठवले.

मी पोचलो तेव्हा साखर ४१ होती. गिळण्याइतकी शुद्ध नव्हती, म्हणून शिरेतून ग्लुकोज द्यावे लागले. पाचेक मिनिटांत गुरुजींनी डोळे उघडले आणि "डॉक्टर, आपण इकडे कुठे?" असे विचारले. या गोळीचा असर दिवसभर टिकतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून त्यांना रात्रभर रुग्णालयात ठेवले.

हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त. कानाला फरक एका अक्षराचा, उपाय मात्र उलटे. साखर ७० च्या खाली गेली की हायपो. घाम, थरथर, एकाएकी भूक, धडधड, चिडचिड ही त्याची लक्षणे. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी आणि वाटल्यास पुन्हा द्यावी. यंत्र घरात नसेल तर मोजण्यासाठी थांबू नये. साखर जास्त असताना चुकून तीन चमचे गेली तर फारसे बिघडत नाही. कमी असताना न दिल्याने बिघडते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नये, थेट रुग्णालय गाठावे.

इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावे. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्यांनी लांब उपवासात रक्तात आम्ल साठू शकते, तेही साखर फारशी न वाढता. नुसत्या मेटफॉर्मिनला हायपोचे भय फार कमी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, वाढत्या वयाच्या मुलांनी या फंदात पडू नये.

या प्रकरणात माझाही वाटा होता. माझ्या कागदावर गोळीचा न्याहारीशी संबंध आहे एवढे होते, पण न्याहारीच नसेल तर काय, हे नव्हते. आता मी मराठीत लिहितो, 'न्याहारी समोर आल्यावर घ्या. न्याहारी नाही तर गोळी नाही, मला फोन करा.' कंपाउंडरने त्याचा रबरी शिक्काच करून आणला आहे.

गुरुजींकडे परवा गेलो होतो. गोळी बदलली आहे, न्याहारी पुन्हा चालू आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर काकूंच्या अक्षरात लिहिलेले दिसले, 'हायपो – साखर द्या'. खाली एका दोऱ्याला साखरेची पुडी बांधलेली, मुंग्या लागू नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत.