येळवशीची भज्जी

उदगीर म्हटलं की इतिहास वाचणाऱ्यांना १७६० ची लढाई आणि सदाशिवरावभाऊ आठवतात. मला आठवते ती भज्जी. भजी नव्हे, भज्जी! या दोहोंतला फरक कळण्यासाठी मला एक अख्खी सकाळ उपाशी काढावी लागली.

मी मूळचा चिपळूणचा. २००३ मध्ये नोकरीनिमित्त उदगीरला आलो, खोली भाड्याने घेतली आणि एकटाच राहू लागलो. दोन्ही वेळचं जेवण खानावळीत. डिसेंबरातल्या एका सकाळी बाहेर पडलो, तर खानावळीला कुलूप, चहाची टपरी बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. काही दंगलबिंगल झाली की काय, अशी धास्ती वाटली. शेजारच्यांना विचारावं म्हटलं, तर त्यांच्याही दाराला कुलूप. त्यात अमावास्या. आमच्याकडे अमावास्येला आई लांबच्या प्रवासाला निघू देत नसे. पण पोटाला अमावास्या कळत नाही. दुपारपर्यंत कळ काढली आणि गावाबाहेर एखादा ढाबा उघडा असेल, या आशेने चालू लागलो.

ढाबा काही मिळाला नाही. बांधावरून हाक मात्र आली. "कुठं चाललाव सर?" मी खरं ते सांगून टाकलं. ओळख ना पाळख, पण धोतर-टोपीतले ते काका हसले. "आज येळवस हाय. आज गावात कोण गावंल तुम्हाला? या की जेवायला." मी संकोचून उभा राहिलो. तेवढ्यात झाडाखालून त्यांच्या आईचा आवाज आला, "त्येला इचारतूस काय? हाताला धरून आण!"

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. मार्गशीर्षातली शेवटची तिथी. डिसेंबरात किंवा जानेवारीच्या सुरुवातीला ती येते. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत या दिवशी घरात चूल पेटली तरी ती पहाटे, शेतावर न्यायच्या स्वयंपाकापुरती. मग सारं गाव रानात. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची छोटी कोप उभी करतात. आत पाच दगड चुन्याने रंगवून मांडतात, ते पांडव. त्यांची आणि लक्ष्मीची पूजा होते. पूजा झाली, की लगेच जेवण नाही. आधी आंबील आणि अन्न घेऊन शेताला फेरी मारायची आणि उभ्या पिकावर ते शिंपडायचं. याला 'चर शिंपणं' म्हणतात. म्हणजे पहिली पंगत शेताची, माणसांची नंतर.

आता भज्जी. तुरीचे ओले दाणे, ओला हरभरा, वाटाणा, वाल, गाजर, मेथी, पातीचा कांदा, हे सगळं शिजवून त्यात बेसन आणि चिंचेचा कोळ. सोबत बाजरीचे उंडे, भाकरी, गव्हाची खीर. आणि बिंदग्यातली आंबील. ज्वारीचं पीठ आणि ताक यांची, लसूण लावलेली, गारेगार. दोन पेले पोटात गेले, की झाडाखाली डोळा लागलाच म्हणून समजा. भज्जीत एवढे जिन्नस का, असं मी त्या आजींना विचारलं होतं. त्यांनी नुसता हात फिरवून सभोवतालचं रान दाखवलं. खरंच होतं. मार्गशीर्षात तूर भरलेली असते, हरभरा कोवळा असतो, ज्वारी कंबरेच्या वर गेलेली असते. रानात जे उभं आहे, ते पातेल्यात. एकाच शेतात सगळं नसतं. मग या बांधावरून वाटाणा तिकडे जातो आणि तिकडून गाजरं इकडे येतात.

हा सण एका भाषेचा नाही, हेही मला पुढे कळलं. उत्तर कर्नाटकात याच अमावास्येला 'एळ्ळु अमावास्ये' म्हणतात. एळ्ळु म्हणजे तीळ. तिथेही शेतात 'चरग' शिंपतात. आमचं 'येळ' आणि 'चर' ऐकलं, की नातं लपत नाही. लपावं तरी कसं? हैदराबाद संस्थानात उदगीर तालुका बीदर जिल्ह्यातच होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत दोघे वेगळे झाले. नकाशावर रेघ पडली, पातेल्यातली भज्जी आहे तशीच राहिली.

त्या काकांकडे मी पुढे बरीच वर्षं जात राहिलो. मग आजी गेल्या. भावाभावांत वाटण्या झाल्या, मुलीचं लग्न निघालं, आणि रस्त्याकाठचं ते रान विकलं गेलं. आता तिथे प्लॉट पडले आहेत, चुन्याच्या रेघा मारलेले. पांडवांना लावायचा तोच चुना.

त्या वर्षी येळवशीला काका घरातच बसून राहिले. ज्याने रस्त्यावरच्या परक्याला जेवायला बसवलं, त्याला दुसऱ्याच्या बांधावर जायची लाज वाटत होती. "आपलं रान न्हाई, आता कसली येळवस?" म्हणाले. मला एका सहकाऱ्याच्या शेताचं आमंत्रण होतं. माझ्या नावावर तर या जिल्ह्यात एक गुंठाही नाही, आणि तरी एकही येळवस मी उपाशी राहिलो नव्हतो. हे त्यांना सांगून पाहिलं. ते हलेनात.

मग मी सांगणं थांबवलं. आजींनी शिकवलं होतं तेच केलं. विचारत बसलो नाही, हाताला धरून उठवलं आणि मोटारसायकलवर मागे बसवलं. शेतावर पोहोचलो तेव्हा चर शिंपायला सुरुवात होत होती. सहकाऱ्याच्या वडिलांनी काहीही न विचारता आंबिलीचं भांडं काकांच्या हाती दिलं. काका पिकात शिरले आणि परक्या शेताला, आपलंच असल्यासारखी, सावकाश पूर्ण फेरी मारून आले. मग आम्ही जेवायला बसलो.