गुन्हेगार सापडल्यावर पुढे काय वाचावं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात गेलात, तर पुस्तकांची नावं वाचण्याआधी त्यांच्या शेवटी चिकटवलेला तारखांचा कागद बघा. कोणतं पुस्तक किती हातांतून गेलं, याचा तो खरा हिशेब. गौरवलेल्या कादंबऱ्यांच्या कागदावर बहुधा चार-दोन शिक्के असतात. बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांच्या पुस्तकांत मात्र एक कागद भरला म्हणून त्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा चिकटवलेला दिसतो. पुठ्ठा बदललेला, पाठ जाड दोऱ्याने शिवलेली, पानांचे कोपरे मऊ पडलेले. ही पुस्तकं लोकांनी वाचून झिजवली आहेत.

तरीही वाचकांच्या गप्पांत त्यांचं नाव जरा खालच्या आवाजात घेतलं जातं. एकीकडे ‘टाइमपास’, दुसरीकडे ‘साहित्य’, असे दोन कप्पे आपण मनात करून ठेवले आहेत. ‘काही थरारक हाय का भाऊ?’ असं विचारणाऱ्याला वरच्या थप्पीतलं हाताला येईल ते पुस्तक मिळतं, आणि ‘चांगलं काही द्या’ म्हणणाऱ्याला पुरस्कारांची यादी. हे दोघे एकमेकांच्या कपाटाकडे फिरकत नाहीत. माझ्या मते हा दोघांचाही तोटा आहे. रहस्यकथा आणि आजची गंभीर कादंबरी एकाच प्रश्नापासून निघतात: हे घडलं कसं? म्हणून या आढाव्यात दोन्ही एका ओळीत मांडतो आहे.

मराठी रहस्यकथेची मुळं जुनी आहेत. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांवरून ‘कालिकामूर्ती’, ‘बंधुद्वेष’ अशी पुस्तकं रचली, नाथमाधवांनी ‘रायक्लब अथवा सोनेरी टोळी’ लिहिली. ती आज अभ्यासाच्या ओढीनेच वाचली जातील. अर्नाळकरांचं तसं नाही. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचं खरं नाव, जन्म १९०६ चा, मृत्यू १९९६ चा, आणि मधल्या काळात हजाराहून अधिक रहस्यकथा. धनंजय आणि त्याचा छोटू, झुंजार आणि त्याची विजया, धनदांडग्यांना लुटणारा काळापहाड, ही माणसं मराठी घरांत नातेवाइकांसारखी ओळखीची झाली. आज ती पुस्तकं हातात घेतली की कथानकातले सांधे दिसतात, योगायोग जरा जास्त वाटतात. पण वाक्य बघा. छोटं, सरळ, पुढच्या वाक्याकडे नेणारं. नुकतं अक्षर जुळवायला शिकलेला माणूसही त्या वाक्याबरोबर पानामागून पान उलटत गेला. शाळा सुटल्यावरही वाचत राहणारा एक मोठा वर्ग या वाक्याने घडवला. हे काम लहान नाही, आणि आपल्या वाङ्मयेतिहासांनी त्याची पुरेशी नोंद घेतलेली नाही.

गुरुनाथ नाईकांनीही हजारावर कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या कॅप्टन दीपच्या मोहिमांत सीमा, सैन्य, परदेशी हेर असा मोठा पट येतो. एकामागून एक वाचल्या तर त्या सारख्या वाटू लागतात. एखाददुसरी निवडून वाचावी.

शिरवळकरांपाशी मात्र थांबायला हवं. दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोझ इराणी, अमर विश्वास असे नायक त्यांनी उभे केले, आणि त्याच हाताने ‘दुनियादारी’ लिहिली. २०१३ च्या चित्रपटामुळे ती पुन्हा घराघरांत पोचली. पण मी आधी सुचवीन ‘समांतर’. हात बघणारा एक स्वामी नायकाला सांगतो, की याच रेषांचा हात मी पूर्वी पाहिला आहे. तुझं पुढचं आयुष्य त्या माणसाने आधीच जगून ठेवलेलं आहे. नायक त्या माणसाच्या शोधात निघतो. इथे शोध गुन्हेगाराचा नाही, खजिन्याचाही नाही. शोधायचं आहे ते स्वतःचंच उद्या. २०२० मध्ये यावर वेबमालिका आली आणि ती खूप पाहिली गेली. मालिका पाहिली असली तरी पुस्तक वाचा. पडद्यावर वेग आहे, पुस्तकात कुरतड आहे: कळलेलं भविष्य टाळायला निघालेला माणूस त्याच भविष्याला कसा हातभार लावतो, ते शिरवळकर घाई न करता दाखवतात. रंजनाच्या कपाटात ठेवलेलं हे पुस्तक नियती आणि कर्तृत्व यांच्याविषयी काही गंभीर बोलतं, आणि ते सहज बोलतं.

ज्यांना कल्पनेपेक्षा खऱ्या तपासाची गोडी आहे, त्यांनी श्रीकांत सिनकर शोधावेत. मुंबई पोलिसांच्या प्रत्यक्ष प्रकरणांवर त्यांनी लिहिलं. ‘सैली, १३ सप्टेंबर’ हे त्यांतलं गाजलेलं नाव. त्यांच्याकडे हुशार गुप्तहेर नाही. आहेत ते थकलेले, चिकाटीचे हवालदार आणि निरीक्षक. एका धाग्यासाठी चाळीचाळींतून हिंडणं, खोटं बोलणाऱ्याला बोलू देणं, रिकाम्या हाताने परतणं, यातून तपास पुढे सरकतो.

भीतीचं दालन वेगळं आहे. नारायण धारपांची ‘आजी’ ही कथा २०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटामागच्या प्रेरणांपैकी एक होती. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा माणसाच्या मनातलाच काळोख उकरतात. आजच्या लेखकांत हृषीकेश गुप्ते ही वाट पुढे नेत आहेत. त्यांची ‘दंशकाल’ ही मोठी कादंबरी भयकथेच्या वाचकाने सुरू करावी. ती संपेपर्यंत एका कुटुंबाची, त्याच्या गुपितांची आणि क्रौर्याची गंभीर कादंबरी आपण वाचली, हे त्याच्या लक्षात येतं. दोन कप्प्यांमधली भिंत किती पातळ आहे, हे यापेक्षा चांगलं कोणतं पुस्तक दाखवील?

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो, कारण इथे ‘हे घडलं कसं’ हा प्रश्न पुस्तकात शिरण्याआधी गावात येतो. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह १९ मार्च १९८६ रोजी जीवन संपवलं. महाराष्ट्रातल्या शेतकरी आत्महत्यांची सार्वजनिक मोजदाद त्या दिवसापासून धरली जाते. पुढे, २००५ नंतर, अशा प्रत्येक मृत्यूमागे सरकारी चौकशी सुरू झाली. सातबारा कोणाच्या नावे, कर्ज बँकेचं की खासगी सावकाराचं, थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का, अशा प्रश्नांची उत्तरं गोळा होतात, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे कागद जातो आणि प्रकरणावर एक शब्द पडतो: पात्र किंवा अपात्र. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा विशेष तपास पथक नेमावं लागलं. मृत्यू, पंचनामा, साक्षी, अहवाल: रहस्यकथेची सगळी सामग्री इथे आहे. नाही तो एकच आरोपी. दोष पावसाचा, बियाण्याचा, बाजाराचा, औषधाच्या मात्रेचा, बँकेचा, घरच्या लग्नाचा, असा इतका वाटला जातो की शेवटच्या प्रकरणात कोणाच्याही हातात बेडी पडत नाही.

जिथे गुप्तहेराचं काम संपतं, तिथून आजची कादंबरी सुरू होते. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ आपल्याच वऱ्हाडातल्या बुलढाणा जिल्ह्यातली. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. शिकून नोकरी न मिळालेला एकनाथ, त्याचे वडील सुभानराव, शहराकडे ओढ असलेली त्याची बायको अलका. एका घरात राहून ही माणसं हळूहळू एकमेकांना परकी होत जातात. देशमुख कोणालाही खलनायक करत नाहीत. अलकावर राग धरावा असं वाटतं, तेवढ्यात तिचंही बरोबर आहे हे पटतं. मोठं पुस्तक आहे, भाषा वऱ्हाडाची आहे आणि आपल्याकडच्या वाचकाला ती परकी नाही. पहिली पन्नास पानं संथ वाटली तरी सोडू नका.

हसता हसता गुन्हा उलगडणारी कादंबरी हवी असेल, तर रमेश इंगळे उत्रादकरांची ‘निशाणी डावा अंगठा’ घ्या. प्रौढ साक्षरतेची मोहीम, तिचं ओझं डोक्यावर घेतलेले शिक्षक, आणि कागदावर साक्षर झालेलं गाव. यात प्रेत नाही, चोरी नाही. तरी एक अख्खी यंत्रणा खोटी नोंद कशी तयार करते, याचा इतका तपशीलवार तपास मी मराठीत दुसरा वाचलेला नाही. शासकीय कार्यालयात ज्यांनी कधी रकाने भरले आहेत, त्यांना ती आधी हसवील आणि मग गप्प करील.

कविता महाजनांची ‘ब्र’ स्वयंसेवी संस्थेत काम करणाऱ्या प्रफुल्लाबरोबर आपल्याला आदिवासी भागात, निवडून आलेल्या बाया-सरपंचांच्या घरांत नेते. खुर्ची मिळाली, मग सत्ता कुठे गेली? प्रफुल्ला ते शोधत जाते, आणि शोधता शोधता स्वतःच्या संसाराकडेही त्याच नजरेने बघू लागते. कोलाम-गोंडांच्या पोडांतून आणि बंजारा तांड्यांतून काम करणाऱ्या आपल्याकडच्या कार्यकर्त्यांनी ती आवर्जून वाचावी.

थराराची भूक असलेल्या वाचकाला मी आणखी दोन नावं देईन. पहिलं कृष्णात खोत यांचं ‘रिंगाण’, २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. धरणामुळे उठलेल्या गावचा माणूस मागे राहिलेल्या म्हशीला आणायला परत जातो. माणसांविना राहून ती रानटी झालेली आहे. माणूस आणि जनावर यांची ती झुंज श्वास रोखून वाचावी लागते, आणि दोघंही आपल्या जागेवरून उखडलेले आहेत हे झुंजीतच कळत जातं. पांढरकवडा-राळेगावच्या रानाने टी-वन ऊर्फ अवनी वाघिणीचं प्रकरण पाहिलं आहे. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती मारली गेली, त्याआधी गावं महिनोन्‌महिने भीतीत होती. जंगल कुणाचं आणि कोण कुणाच्या वाटेत आलं, यावरचे वाद पारावर ऐकलेल्या वाचकाला ‘रिंगाण’ समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरं नाव नंदा खरे यांची ‘उद्या’. नागपूरशी घट्ट नातं असलेल्या या अभियंता-लेखकाने जवळच्या भविष्यातला भारत रंगवला. प्रत्येक माणसावर नजर ठेवणाऱ्या कंपन्या, बायकांची घटलेली संख्या, मध्य भारतातलं जंगल आणि त्यातली खनिजं. २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला जाहीर झाला आणि लेखकाने तो नम्रपणे नाकारला. वाचायला ती थोडी अवघड आहे, सूत्रं अनेक आहेत. रहस्यकथेवर पोसलेला वाचक मात्र तिथे मागे पडत नाही. नावं लक्षात ठेवणं, विखुरलेले दुवे जुळवणं, लेखक काय लपवतो आहे याचा अंदाज घेणं, हे त्याला सवयीने जमतं.

उद्धव शेळक्यांची आठवण इथे व्हायलाच हवी. १९६० ची ‘धग’ लिहिणाऱ्या, वऱ्हाडी बोलीत कौतिकसारखी नायिका उभी करणाऱ्या या लेखकाने पोटासाठी रंजक कादंबऱ्याही भरपूर लिहिल्या. एकाच टेबलावर दोन्ही प्रकारची हस्तलिखितं तयार झाली. मग कपाटं वेगळी कशाला?

मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. त्याच्या जोडीला सत्यजित राय यांचा फेलुदा द्यावा. अशोक जैन यांचे अनुवाद सुबक आहेत. जगातलं एक पुस्तक मोठ्यांसाठी: जपानच्या सेइचो मात्सुमोतो यांची १९५८ साली पुस्तकरूपात आलेली, इंग्रजीत ‘पॉइंट्स अँड लाइन्स’ नावाने मिळणारी कादंबरी. टोकियो स्थानकावर एका फलाटावरून दुसरा फलाट दिवसातून फक्त चार मिनिटं मोकळा दिसतो, एरवी मध्ये गाडी उभी असते. त्या चार मिनिटांवर सगळं रहस्य उभं आहे, आणि वेळापत्रकाचं कोडं सुटत जातं तशी सरकारी खात्यातली लाचखोरी उघडी पडते. ते वाचताना मला सारखी आपली शकुंतला आठवली. एके काळी यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जाणारी, कापसाच्या गाठींसाठी इंग्रज कंपनीने घातलेली ती अरुंद रुळांची गाडी. मराठीतला गुप्तहेर बहुतेक वेळा मुंबई-पुण्यातच गुंतलेला असतो. जिनिंगच्या आवारात, कापूस खरेदीच्या काट्यावर, शकुंतलेच्या ओस पडलेल्या स्थानकावर त्याला कोणी उतरवलेलं मी वाचलं नाही. जिल्ह्यातल्या लिहित्या तरुणांनी हे मनावर घ्यावं, अशी माझी कळकळीची इच्छा आहे. इथल्या रहस्याला लागणारी भाषा, भूगोल आणि माणसं त्यांच्या दारात आहेत.

या मातीत साहित्याचे मोठे सोहळे झाले. १९७३ मध्ये गदिमांच्या अध्यक्षतेखाली आणि जानेवारी २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरलं. दुसऱ्या वेळी निमंत्रणाचा वाद झाला आणि शेवटी उद्घाटन कळंब तालुक्यातल्या वैशाली येडे यांनी केलं, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने. व्यासपीठावरून त्या बोलल्या ते अनेकांच्या लक्षात आहे. पण मांडव उठतात, वाचनालयं राहतात. क आणि ड वर्गातल्या वाचनालयांचं वार्षिक अनुदान तुटपुंजं असतं, त्यात वर्षाकाठी थोडीच नवी पुस्तकं येतात. म्हणून सभासदांनी मागणीच्या वहीत नाव लिहिलं पाहिजे. ‘रिंगाण’ हवं, ‘उद्या’ हवी, ‘समांतर’ची फाटलेली प्रत बदलून हवी, असं ठळक लिहावं, मागणी असलेलं पुस्तक ग्रंथपालाला समितीपुढे मांडता येतं.

दिवाळीत आपल्याकडे वेचणीची घाई असते, वाचायला सवड मिळते ती नंतर. तोवर ‘धनंजय’ आणि ‘नवल’ यांसारखे रहस्य-अद्भुताला वाहिलेले अंक हाताशी ठेवावेत, एका बैठकीत एक कथा होते. मग हिवाळ्यात, ‘काही थरारक हाय का भाऊ’ म्हणणाऱ्याच्या हातात मी ‘समांतर’ देईन, तो परत करायला आला की ‘रिंगाण’, आणि त्यानंतर ‘बारोमास’. ‘चांगलं काही द्या’ म्हणणाऱ्याला मात्र उलट्या टोकाने सुरुवात करायला सांगेन: आधी ‘दंशकाल’, मग सिनकर, आणि शेवटी अर्नाळकरांचा एखादा धनंजय, एका रात्रीत संपवायच्या बोलीवर.